तुमचे प्रश्न : पट्टा, सिरिंज आणि पाकीट

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. घरच्या यंत्रावर त्यांचं बीपी आधी १५२/९० आलं, पाच मिनिटांनी १३६/८२, मग पुन्हा १४४. यंत्र बिघडलंय का? गोळी वाढवायची का?

उत्तर : गोळी स्वतःहून वाढवू नका आणि यंत्रालाही एवढ्यात नावं ठेवू नका. बीपी दिवसभर वरखाली होतच असतं, आणि पहिला आकडा बहुधा चढाच येतो.

गडबड बहुतेक वेळा पट्ट्यात असते. तो बाहीवरून बांधतात, नाहीतर बाही वर सरकवतात आणि तिचा गुंडाळाच दंडाला करकचतो. दंड उघडा हवा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर यावी. पट्ट्यावर दंडाच्या घेराचे आकडे छापलेले असतात, बऱ्याच यंत्रांवर २२ ते ३२ सेंमी. दंडाच्या मध्यावर टेप लावून बघा. घेर ३५ भरला तर तो पट्टा लहान पडतो आणि बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. मोठा पट्टा वेगळा मिळतो, तो घ्या.

दुसरी गोष्ट हाताची. हात मांडीवर लोंबता ठेवला की पट्टा हृदयाच्या पातळीखाली जातो. दर १० सेंमीला आकडा साधारण ७-८ ने वाढतो. हाताखाली उशी किंवा टेबल घ्या. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन यायचं आणि पाच मिनिटं शांत बसायचं. मोजताना बोलायचं नाही (घरात हेच सगळ्यात अवघड जातं).

सात दिवस सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि सगळे आकडे लिहून ठेवा. नको वाटणारा आकडा गाळायचा नाही. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर वही आणि यंत्र दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांच्या यंत्राशी ताडूनही होईल. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असेल, तर वही राहू द्या, थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा, वजन १४ किलो. तापात पॅरासिटामॉलचं औषध एक चमचा देतो, पण ताप उतरत नाही.

उत्तर : चमचा कुठला आणि बाटली कुठली, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे. मात्रा वजनावर ठरते : किलोला १५ मिलीग्रॅम. म्हणजे १४ किलोला एका वेळी २१० मिलीग्रॅम. आता बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. ५ मिलीत २५० मिलीग्रॅम असेल तर ४.२ मिली द्यायचं. ५ मिलीत १२० असेल तर ८.७ मिली लागतं; तिथे पाच मिलीचा एक चमचा म्हणजे जेमतेम अर्ध्याहून थोडी जास्त मात्रा. उलट तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिलीग्रॅम असू शकतं. त्यातून चमचाभर दिलं तर मात्रा दुपटीहून जास्त होते. स्वयंपाकघरातला चमचा वापरूच नका, सुई नसलेल्या सिरिंजने मोजा.

दोन मात्रांत किमान चार तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल नाही ना, ते बघा. आकडा नॉर्मलला आणायचा हट्ट नको, मूल जरा खेळतंय, पाणी पितंय, एवढं पुरे. गार पाण्याच्या पट्ट्यांनी थंडी वाजते आणि अंग आणखी तापतं. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर घरी उपचार न करता लगेच दाखवा.

प्रश्न : ओआरएसचं अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात घातलं तर चालतं ना? एक लिटर कोण पिणार?

उत्तर : नाही चालत. मोठं पाकीट २०.५ ग्रॅमचं, पूर्ण एक लिटर पाण्यासाठी. अर्ध्या पाकिटात किती मीठ आणि किती ग्लुकोज आलं, हे कुणालाच सांगता येत नाही. पाणी कमी पडलं की द्रावण दाट होतं, आतड्यात पाणी ओढून घेतं आणि जुलाब वाढतात. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हाच विचार करून जुनं सूत्र पातळ केलं : द्रावणाची तीव्रता, म्हणजे लिटरमध्ये विरघळलेल्या कणांचं माप, ३११ वरून २४५ वर आणली. आपण घरी ते पुन्हा दाट करायचं, याला काय म्हणावं! लहान, २०० मिलीची पाकिटंही मिळतात; पाकिटावर लिहिलेलं पाणी घ्या, उकळून गार केलेलं. मिसळल्यावर उकळू नका, वरून साखर घालू नका. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या.

दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, त्यापुढे १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दर दोन मिनिटांनी एकेक चमचा. शौचात रक्त, डोळे खोल, मूल सुस्त किंवा काहीच पीत नसेल, तर वाट बघू नका.

प्रश्न : आजीला रात्री उठताना चक्कर येते.

उत्तर : आडवं असताना बीपी मोजा, मग उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर कारण बहुधा तेच. आकडे आणि चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, गोळी परस्पर बंद करू नका. तोवर उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पावलं वरखाली हलवायची, मगच उभं राहायचं. बाथरूमपर्यंत मंद दिवा चालू ठेवा आणि वाटेतलं पायपुसणं उचलून ठेवा.