जुनं आउटबोर्ड इंजिन सुरू होतं, पण दोन मिनिटांत बंद पडतं. घरच्या घरी दोष कसा शोधायचा?

तुमचं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आहे, काही वर्षं पडून होतं, दोरी ओढली की सुरू होतं आणि एक-दोन मिनिटांत गचके खात बंद पडतं, असं तुम्ही लिहिलंय. सुरू होतंय ही चांगली खूण आहे. म्हणजे ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब, निदान इंजिन थंड असताना तरी, कामापुरता आहे. कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) वाटीत साठलेलं पेट्रोल संपेपर्यंत ते चालतं आणि पुढचं पेट्रोल पोहोचत नाही, हा माझा पहिला संशय. म्हणून पाना घेऊन थेट कार्बोरेटरवर जाऊ नका.

आधी पाण्याची सोय करा. मोठ्या पिंपात इंजिनाचा खालचा भाग असा बुडवा की प्रोपेलरच्या वरची आडवी प्लेट पाण्याखाली दहा-पंधरा सेंटिमीटर जाईल. प्रोपेलर काढून ठेवा, इंजिन न्यूट्रलमध्येच चालवा आणि रेस वाढवू नका. कोरडं तर क्षणभरही चालवू नका, पाण्याच्या पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) रबराचा असतो आणि पाण्याशिवाय फिरला की लगेच खराब होतो. हे सगळं उघड्यावर करा. बंद जागेत धूर जीवघेणा ठरतो.

आता इंजिन चालू द्या आणि ते मरायला लागलं की पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब दाबा. या एका चाचणीने निम्मं काम होतं.

बल्ब दाबल्यावर इंजिन सावरलं, तर दोष टाकी ते पंप या वाटेत आहे. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघा. तो बंद राहिला तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल खेचलं जात नाही. बल्ब चपटा होऊन तसाच राहत असेल, तर अडथळा बल्बच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला आहे. बल्ब कधीच कडक होत नसेल, तर जोडाच्या ओ-रिंगमधून (गोल रबरी कड्यातून) हवा शिरतेय, बल्बमधले व्हॉल्व्ह गेलेत किंवा कार्बोरेटरच्या वाटीतल्या फ्लोटची (तरंगत्या गोळ्याची) पेट्रोल अडवणारी नीडल गळतेय. नीडल गळत असेल तर कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल ठिबकताना दिसेल. बल्ब दाबताना त्याच्यावरचा बाण वर, इंजिनाकडे हवा.

जुन्या नळीचा एक दोष मात्र बाहेरून कळतच नाही. वरून नळी धडधाकट दिसते, पण आतलं अस्तर सुटून लोंबतं आणि पेट्रोल खेचलं जाऊ लागलं की झडपेसारखं वाट अडवतं. शंका आली की नळी आणि बल्ब एकत्रच बदला. मग राहतो पेट्रोल पंप. त्याचं चार-सहा स्क्रूंचं झाकण उघडून डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचीक पडदा, उजेडासमोर धरा. टाचणीएवढं भोक दिसलं किंवा डायफ्रॅम कडक झाला असला, तर किट बदला. हा पंप क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या पोकळीतल्या) दाबाच्या चढउतारावर चालतो, त्यामुळे फाटलेल्या डायफ्रॅममधून पेट्रोल थेट इंजिनातही जाऊ शकतं.

बल्बचा काहीच उपयोग झाला नाही, तर इंजिन बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच ठिणगी तपासा. प्लग काढा, वायर जोडून त्याची धातूची बाजू ब्लॉकला घट्ट टेकवा आणि दोरी ओढा. दुसऱ्या सिलिंडरची वायरही अर्थिंगला लावून ठेवा, मोकळी सोडली तर इग्निशन जळू शकतं. प्लगच्या भोकापासून लांब राहा, तिथून पेट्रोलची वाफ निघते. थंडपणी निळी, टणक ठिणगी आणि गरम झाल्यावर गायब, असं असेल तर ठिणगीसाठी वीज पुरवणारी कॉइल संशयित.

ठिणगी नीट असेल तर मग कार्बोरेटर. पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात, बसतो. त्यात इथेनॉल असेल तर ते ओलावा ओढतं आणि वाटीच्या तळाशी पाणी व पांढरी बुरशीसारखी पूड सापडते. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलकेच आत फिरवून किती फेरे बसतात ते लिहून ठेवा, जोडताना तेवढेच परत सोडायचे. जेटमध्ये स्टीलची तार घालू नका, पितळ ओरखडतं आणि माप बिघडतं. क्लीनर आणि हवेचा दाब पुरेसा असतो. क्लीनर मारण्याआधी रबरी भाग काढा. कार्बोरेटर उलटा धरल्यावर फ्लोट वाटी बसते त्या कडेला समांतर असावा.

सिलिंडरमधला दाब मोजायचा असेल तर दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून मोजा. अशा इंजिनात ९० ते १२० पीएसआय (दाबाचं एकक) सहसा मिळतो, पण आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तो पंधरा टक्क्यांवर गेला तर रिंगा अडकल्यात किंवा हेड गॅस्केट गेलंय.

जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका. नव्यात ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, खूप जुन्या मॉडेलला २५:१ म्हणजे ४० मिली तेल, तेही टीसी-डब्ल्यू३, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या दर्जाचं. प्रमाण मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवा, तेल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो.

चाचणीभर इंजिनाच्या मागच्या छिद्रातून पडणाऱ्या, थंड करणाऱ्या पाण्याच्या धारेवर नजर ठेवा. धार थांबली तर इंजिन लगेच बंद करा आणि बारीक तारेने ते छिद्र मोकळं करा. तरी धार आली नाही तर खालचा भाग उतरवून इंपेलर बदला. जुन्याची पाती मोजा. एखादं कमी असेल तर तुकडा वरच्या पाण्याच्या नळीत अडकलाय, तो काढल्याशिवाय नवा इंपेलरही पुरेसं पाणी चढवणार नाही.