हार्बर ब्रिजवर साठीनंतर चढावं का?

प्रश्न: मुलाकडे सिडनीला चाललेय. तो हार्बर ब्रिजच्या कमानीवर चढायचं तिकीट काढतोय. वय ६२, गुडघे बरे आहेत, पण उंचीची धास्ती वाटते. जमेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, नक्की जा! मीही साठी उलटल्यावरच चढले. माथा समुद्रसपाटीपासून १३४ मीटर उंच आहे, पण कमानीवरचा चढ सावकाश आहे. दमवतात त्या आधीच्या उभ्या शिड्या. कमरेचा पट्टा पूर्ण वाटभर तारेला अडकवलेला असतो. साडी मात्र चालणार नाही, त्यांचाच अंगभर सूट घालावा लागतो. मोबाईल, घड्याळ खालीच ठेवायचं. चष्म्याला दोरी लावतात, रुमालसुद्धा मनगटाला अडकवून देतात.

जाळीतून खाली पाणी दिसलं आणि माझे पाय लटपटले. मग नजर शेजारच्या रिव्हेटांवर, म्हणजे पोलादी भाग जोडणाऱ्या जाड खिळ्यांवर ठेवली. लिंबाएवढी गोल डोकी, राखाडी रंगाखाली गार. १९३२ साली खुल्या झालेल्या या पुलात असे सुमारे ६० लाख रिव्हेट आहेत. एकेकावर हात ठेवत गेले, भीती कधी सरली कळलंच नाही.

तरीही मन घेत नसेल, तर पुलाच्याच आग्नेयेकडच्या दगडी मनोऱ्यात जा. २०० पायऱ्या, तिकीटही बरंच स्वस्त.