जुन्या गाड्यांच्या प्रवासात एखादी बंद पडली, तर बाकीच्यांनी काय करायचं?

पाच-सहा व्हिंटेज गाड्या घेऊन मित्रमंडळी लांबच्या प्रवासाला निघताय आणि वाटेत एखादी बंद पडली तर सगळ्यांनी कसं निभवायचं, असं तुम्ही विचारलंय. मी अशा ताफ्यांबरोबर बरीच वर्षं जातोय. माझं ठाम मत आहे की थांबायचं कोणी आणि किती वेळ, हे निघण्याआधीच ठरलेलं हवं. ते ठरलं नसेल तर सगळ्या गाड्या कडेला लागतात, एका बॉनेटवर दहा जण वाकतात, प्रत्येकाचा सल्ला वेगळा असतो आणि ज्याची गाडी आहे तो मेल्याहून मेल्यासारखा होतो.

आम्ही पाळतो तो नियम साधा आहे. बंद पडलेल्या गाडीपाशी एकच गाडी थांबते, ती म्हणजे ताफ्यातली शेवटची. हत्यारं तिच्यातच आणि ज्याला इंजिन कळतं तो माणूसही तिच्यातच. बाकीचे ठरलेल्या पुढच्या मुक्कामाला जातात. तासाभरात जमलं नाही तर टोचन लावायचं किंवा ट्रक बोलवायचा, मग त्यावर वाद नाही. सगळ्यात हळू गाडी सर्वांत पुढे ठेवा. प्रत्येकाने आरशात आपल्या मागची गाडी बघत राहायचं आणि वळणावर ती दिसेपर्यंत पुढे सरकायचं नाही. १९०७ च्या पेकिंग ते पॅरिस शर्यतीत पाच गाड्या निघाल्या होत्या. त्यातली ओग्युस्त पोंस यांची तीनचाकी कोंताल पेट्रोल संपून गोबीच्या वाळवंटात अडकली, तेव्हा बाकीचे पुढे निघून गेले होते. तिथल्या भटक्या लोकांनी पोंस आणि त्यांच्या मेकॅनिकला वाचवलं, गाडी मात्र तिथेच राहिली. म्हणून मागची गाडी नजरेआड होऊ द्यायची नाही, याबाबत मी फार हट्टी आहे.

आता बिघाडाचं. गाडी बंद पडली की आधी दोनच गोष्टी बघायच्या: करंट येतोय का आणि पेट्रोल येतंय का. हे कळण्याआधी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायला लागलेल्या माणसाला प्रेमाने बाजूला घ्या.

करंटच्या बाजूला माझा पहिला संशय कंडेन्सरवर असतो. पॉइंट म्हणजे कॉइलचा (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीचा) करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, आणि त्यांच्यावरच्या ठिणग्या आवरणारा छोटा भाग म्हणजे कंडेन्सर. थंड असताना तो ठीक चालतो आणि तापला की दगा देतो. इंजिन चुकायला लागतं, पॉइंटवर मोठ्या ठिणग्या उडतात, मग सगळंच थांबतं. थोडं गार झालं की गाडी पुन्हा चालू होते आणि पुढे जाऊन परत तेच, त्यामुळे लोक पेट्रोलला दोष देत बसतात. जवळ एक जादा कंडेन्सर ठेवा, पण डबीतला कोरा नको. तुमच्याच गाडीत लावून, चालवून पाहिलेला ठेवा, कारण नवेही खराब निघतात. डिस्ट्रिब्युटरमध्ये (पॉइंट असतात त्या डब्यात) नवा बसवायची सोय नसेल तर आतल्या कंडेन्सरची वायर सोडवून दुसरा बाहेरच, कॉइलकडून पॉइंटकडे जाणाऱ्या वायरला जोडायचा आणि त्याचं अंग इंजिनाच्या लोखंडाला कसायचं. मुक्कामापर्यंत तेवढं पुरतं. पॉइंट जळाले असतील तर घासून, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) फट लावून घ्या. बऱ्याच गाड्यांत ती ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते, पण तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेतून लिहून घ्या.

पेट्रोलच्या बाजूला उन्हातला नेहमीचा त्रास म्हणजे नळीतच पेट्रोलची वाफ होणं. चढ चढून थांबलात की हमखास. बॉनेट उघडा, पेट्रोल पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा आणि वाट बघा. एक्झॉस्टवर पाणी पडू देऊ नका, तापलेलं बीड तडकतं. रेडिएटर उकळला असेल तर त्याचं झाकण आणि थंड पाणी, दोन्ही गोष्टी इंजिन निवेपर्यंत लांब. फॅन बेल्ट, ट्यूब, होजच्या क्लिपा ज्याच्या त्याच्या गाडीत असाव्यात, यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

दोन बिघाड मात्र तात्पुरते जुळवून पुढे जायचं नाही. एक ब्रेकचा. बहुतेक जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकच मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा भाग) असतो, तो गेला की चारही चाकांचे ब्रेक गेले. हँडब्रेकवर घाट उतरायची कल्पना कोणी मांडली तर तिथेच नाही म्हणा. दुसरा पेट्रोल गळण्याचा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनी रबरी नळी मऊ पडते, चिरते आणि खाली तापलेलं इंजिन असतं. अग्निशामक डिकीत सामानाखाली नको, हात पोहोचेल असा बसवा. गळती दिसली की गाडी ट्रकवर.

आणि एक गोष्ट ताफ्यात हमखास विसरली जाते. बॅटरी बसली की कोणीतरी धावत केबल घेऊन येतो. पण काही गाड्या ६ व्होल्टच्या असतात, काही १२ च्या. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत तर बॉडीला बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक जोडलेलं असतं. अशी एक गाडी आणि बॉडीला निगेटिव्ह टोक जोडलेली दुसरी, यांच्या बॉडी एकमेकींना टेकल्या आणि केबल लागली तर थेट शॉर्ट होतो. निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला बॅटरीशेजारी व्होल्ट आणि अर्थ (बॉडीला कोणतं टोक जोडलंय ते) ठळक रंगात लिहायला लावा.