बुधवारची दुसरी अंघोळ

*ताई, नमस्कार. मी ६३ वर्षांचा निवृत्त शिक्षक, शिंदखेडा तालुक्यातल्या तापीकाठच्या गावात राहतो. मला सुके बोंबील आणि सुकट लहानपणापासून फार आवडतात. बुधवारी आमचा आठवडी बाजार. मी पाव किलो बोंबील घेऊन येतो आणि त्या दिवशी आपल्याच घरात वाळीत पडतो. मुलगा डबा मळ्यातच मागवून घेतो. सूनबाई सगळ्या खिडक्या उघडून शेजारी जाऊन बसते. सात वर्षांचा नातू नाक दाबून मला ‘वासवाले बाबा’ म्हणतो आणि सगळे हसतात. सौ. तेवढी नाकाला पदर लावून भाजून देते, पण जवळ तीही बसत नाही. वारी केल्यापासून गळ्यात माळ आहे, त्यामुळे भाजून झाल्यावर तिला पुन्हा अंघोळ करावी लागते. ‘तुम्ही जेवी ल्या’ म्हणते आणि जाते. पूर्वी आम्ही दोघं एका ताटात बोंबलाची चटणी खायचो. आता मी एकटाच. मला दारू नाही, तंबाखू नाही, ही एवढी एक आवड. माझं काय चुकतं? घरच्यांना कसं समजावू?*

*– एकटा जेवणारा*

भाऊ,

बोंबील आवडण्यात तुमचं काहीही चुकत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मन तिथे अडून राहणार नाही.

आता तुमच्या पत्रातल्या त्या ओळीकडे येते. मुलाबद्दल तुम्ही तक्रार केलीत, सुनेबद्दल केलीत, नातवाने ठेवलेलं नाव तुम्हाला लागलं तेही लिहिलंत. वहिनींबद्दल जे लिहिलंत ते त्या जेवायला जवळ का बसत नाहीत, एवढं सांगण्यापुरतं. ‘भाजून झाल्यावर तिला पुन्हा अंघोळ करावी लागते.’ हे लिहून तुम्ही पुढे गेलात. मला पुढे जाता आलं नाही.

दर बुधवारी, भाऊ? वारी कधी केली ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण तेव्हापासूनचे सगळे बुधवार?

वहिनींचा तो दिवस मी डोळ्यांपुढे आणून पाहिला. सकाळी अंघोळ, तुळशीला पाणी, देवपूजा. मग घरादाराच्या भाकरी, भाजी, मळ्यातला डबा. ते सगळं उरकत आलं की तुम्ही बाजाराची पिशवी घेऊन दारात. मग बोंबलांची डोकी मोडायची, शेपट्या मोडायच्या, तव्यावर भाजायचे, लसूण-मिरची घालून कुटायचे, तुमचं ताट वाढायचं. तुम्ही पहिला घास घेता तेव्हा त्या पाणी तापवत असतात. नुसतं अंगावर पाणी घेऊन भागत नसणार, तो वास केसांत बसतो, लुगड्यात बसतो. केस धुवायचे, लुगडं बदलायचं, काढलेलं पिळून वाळत घालायचं आणि मग कधीतरी गार भाकरी घेऊन बसायचं. धुळ्याकडे पौषात पारा कधी कधी एक आकडी होतो, हे मी तुम्हाला काय सांगणार? ओल्या केसांनी त्या महिन्यात फिरणाऱ्या बाईचं वय तुम्ही लिहिलं नाहीत. साठीच्या आसपास असावं.

आणि बुधवारी एकादशी आली तर? त्या दिवशी बाजारातून पिशवी येत नाही, की येते आणि उपाशीपोटी भाजली जाते? पत्रात याचा उल्लेख नाही. तुमच्या मनात हा प्रश्न कधी आलाच नसावा, असं मला वाटतं आणि मला त्याचा राग येतो. तुम्ही वाईट नवरे आहात म्हणून नाही येत. तुम्ही बारकाईने पाहणारे आहात, नातवाने नाक कसं दाबलं तेही तुमच्या नजरेतून सुटलं नाही, आणि त्याच घरातली ही गोष्ट सुटली, म्हणून येतो.

तुमचा प्रश्न होता, माझ्याजवळ कुणी का बसत नाही. जे माणूस बसलं असतं ते त्या वेळी न्हाणीत असतं.

दुसरी एक गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिलीत आणि तिच्याकडेही पाहिलं नाहीत. पूर्वी तुम्ही दोघं एका ताटात खात होता. म्हणजे वहिनींना बोंबील आवडत होते. बाकी घराला किळस येते, वहिनींचं तसं नाही. त्यांनी आवडती गोष्ट विठ्ठलाच्या नावाने सोडली. सोडलेल्या चवीचा वास ज्याच्यापुढे दर आठवड्याला तव्यावरून उठतो, त्याचं मन त्या घटकेला कसं होत असेल? नाकाला पदर लावतात तो वास सहन होत नाही म्हणून, की वास ओळखीचा आहे म्हणून? तुम्ही किळसच धरून चाललात. मी धरणार नाही. माळ घालणं आपल्याकडे सोपं समजतात, लोक म्हणतात, मटण-मासळी सोडली की झालं. निभावणारीला विचारा. तिच्या व्रताला घरातल्या माणसाने हात द्यायचा असतो, आणि तुम्ही दर बुधवारी तिच्या हातात बोंबलाचा तवा देता.

आता बाकीच्या घराबद्दल. ‘कसं समजावू’ म्हणता, तर समजावू नका. किळस समजावून जात नाही.

बोंबील आपल्या मातीतला नाही, तो पालघर-वसईच्या किनाऱ्यावरून येतो. तिथे बांबूच्या मांडवांवर एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोड्या टांगतात आणि उन्हात वाळवतात. ताज्या बोंबलात बहुतेक पाणीच असतं. ते उडून गेलं की पाव किलोत किती मासे बसतात ते तुम्ही बाजारात पाहताच, आणि तितक्यांचा वास एका पिशवीत येतो. समुद्राच्या माशाच्या अंगात एक द्रव्य असतं, खाऱ्या पाण्यात तग धरायला त्याला ते लागतं. मासा मेला की जिवाणू त्या द्रव्याचं ट्रायमिथाइलअमाईन करतात. तुमच्या नातवाने नाक दाबलं ते यासाठी. गोड्या पाण्याच्या मासळीत ते द्रव्य अगदी थोडं असतं, म्हणून तापीची मासळी आणली तर घर एवढं उठत नाही आणि बोंबील आणले की उठतं.

शिवाय नाक सगळ्यांचं सारखं नसतं. आइसलँडमध्ये ११ हजारांहून जास्त लोकांना वेगवेगळे वास हुंगायला देऊन त्यांची जनुकं तपासली, २०२० साली ते संशोधन छापून आलं. टीएएआर५ नावाच्या एका जनुकात फरक असलेल्या थोड्या लोकांना माशाचा वास फारसा जाणवलाच नाही. काहींना त्याच वासात बटाटा आला, काहींना गुलाबसुद्धा. तुमचं नाक त्यातलं आहे असं मी म्हणत नाही. तुम्हाला वास पुरता येतो आणि तो आवडतो, कारण तुम्ही तो पोरवयापासून भाकरीबरोबर घेतलात. तुमच्या मुलाच्या, नातवाच्या वाट्याला तो तसा आला नाही. सूनबाई खिडक्या उघडते ते अगदी बरोबर करते. मुलगा मळ्यात जेवतो तर जेवू द्या. दोघांनीही तुम्हाला ‘आणू नका’ म्हटलेलं नाही, हे तुमच्या पत्रावरून दिसतं, आणि हे त्यांचं समजून घेणंच आहे. आपण खान्देशातली माणसं पाहुण्याला कळण्याची भाकरी आणि लालभडक तर्रीची शेवभाजी वाढतो. पुण्याकडचा सोयरा त्या काळपट भाकरीकडे बघत राहतो, दोन घासांवर पाणी पितो, तर आपण त्याच्याशी सोयरीक मोडत नाही. बाजूला वरण-भात करून वाढतो. तेवढी मोकळीक स्वतःच्या सुनेला द्या.

नातवालाही ‘खाऊन तर बघ’ म्हणून ओढू नका. धाकाने भरवलेला घास पोरं जन्मभर विसरत नाहीत.

करायचं ते एकच आहे. येत्या बुधवारपासून बोंबील तुम्ही भाजायचे.

अधूनमधून नाही, वहिनींचं अंग दुखतं त्या दिवशी नाही. दर बुधवारी, सगळं, पिशवी उघडण्यापासून भांडी घासण्यापर्यंत. तुम्ही निवृत्त आहात, हातपाय धड आहेत, आणि आयुष्यभर पोरांना शिकवलंत तर हे शिकायला तुम्हाला एक दुपार पुरेल.

पिशवी स्वयंपाकघरात न्यायचीच नाही. मागल्या दारी तीन दगड मांडा, नाहीतर एक लहान शेगडी घ्या. बाजारातूनच एक लोखंडी तवा आणा, तो बोंबलाचा म्हणून वेगळा राहील आणि कधीही घरात येणार नाही. दगडी खलबत्ताही वेगळा ठेवा. दगडात वास मुरतो आणि माळकरी बाईचं शेंगदाण्याचं कूट त्यात व्हायला नको.

बोंबील घेताना मोडून पाहा. कट्‌कन मोडला, रंग फिका असला तर घ्या. पिवळा पडलेला, हाताला ओलसर लागणारा घेऊ नका, वासाचा निम्मा त्रास तिथूनच सुरू होतो. डोकं, शेपूट आणि कडेचे पर काढा, बोटभर तुकडे करा. तवा कोरडाच, तेल नाही, आच मंद. सारखे हलवत राहा. तुकड्यांवर तपकिरी डाग पडले आणि बोटाने दाबल्यावर कुरकुरीत लागले की उतरवा. घाई केलीत तर बाहेरून करपतात आणि आत चिवट राहतात. लाल मिरच्या त्याच तव्यावर भाजून घ्या, भरपूर लसूण, थोडं जिरं, आणि कुटा. मीठ चाखून मग घाला, बोंबील खारवलेले असले तर त्यांत ते आधीच असतं. सुकट आणलीत तर आधी सुपात पाखडा, नाहीतर दाताखाली रेती येते.

हात, तवा आणि बत्ता लिंबाने चोळा, लिंबू नसलं तर चिंचेच्या कोळाने, आणि मग राखेने घासा. तो वास अल्कधर्मी आहे, आंबट लागलं की मरतो. किनाऱ्याकडची माणसं मासळीला आमसूल, चिंच लावतात, त्याचा एक उपयोग हाही. डोकी-शेपट्या उकिरड्यावर उघड्या टाकू नका, पुरा. आणि मग अंघोळ तुम्ही करायची. धोतर, सदरा, जे अंगावर असेल ते तुम्ही धुवायचं.

वहिनी ऐकणार नाहीत, हे मला दिसतंय. पहिल्याच बुधवारी त्या मागल्या दारी येतील, ‘द्या इकडे, तुम्हाला जमायचं नाही’ म्हणतील आणि तवा हातातून घ्यायला बघतील. इतक्या वर्षांचा हात आहे, तो आपोआप पुढे येईल. शेजारीण कुंपणावरून बघते आहे म्हणून त्यांनाच संकोच वाटेल. देऊ नका. करपले तर करपलेले खा, पण देऊ नका. ‘तुझ्या माळेसाठी करतो आहे’ असं स्पष्ट सांगा, तोंडाने सांगा. उपकार केल्याच्या सुरात नको. इतकी वर्षं लक्षात आलं नाही, हेही सांगा. त्या म्हणतील, त्यात काय एवढं. म्हणू द्या. तुम्ही शेगडीपुढेच बसून राहा.

एकादशीला बाजारात गेलात तरी सुक्या मासळीच्या ओळीत वळू नका.

एकटं जेवण्याचं जे दुःख तुम्ही लिहिलंत, ते खरं आहे आणि मला ते कळतं. एका ताटात जेवलेलं माणूस समोरून उठून जातं ते लागतं. पण त्या ताटातली चटणी आता त्यांच्यासाठी परत येणार नाही, ती आशा सोडा. पंगत मात्र परत येऊ शकते. म्हणून बुधवारचा क्रम बदला. बाजारातून आलात की पिशवी मागल्या दारी खुंटीला टांगा आणि घरात येऊन हातपाय धुवा. त्यांच्यासमोर पाट घ्या, त्यांची भाजी-भाकरी त्यांच्याबरोबर खा. निम्मी भूक राखून ठेवा. त्यांचं गरम जेवण पुरतं झालं, त्या हात धुऊन आडव्या झाल्या, की मग मागे जाऊन शेगडी पेटवा.