'बनावटीचं' का 'बनावट'?

प्रश्न असा आलाय की इराणच्या कौसर विमानाला 'इराणी बनावटीचं लढाऊ विमान' म्हणायचं का 'बनावट लढाऊ विमान', कारण ते अमेरिकन एफ-५ वरून रिव्हर्स इंजिनिअरिंग करून, म्हणजे तयार वस्तू सुटी करून तिची घडण समजून घेऊन, केलंय.

अहो, 'बनावटीचं'च! नुसतं 'बनावट' पुढे लावलं की खोटं, जसं बनावट नोटा, बनावट सही. तरी रोज कुणीतरी 'स्वदेशी बनावट विमान' लिहितंच आणि वाचून डोकं फिरतं. 'बनवणे'मध्ये दोन्ही अर्थ आहेतच, खुर्ची बनवली आणि मला बनवलं, ते सोडा.

खरा देखणा शब्द 'कृत्रिम'! आज आपण तो नाक मुरडून वापरतो, पण पाणिनीकडे बघा, कृ धातूला क्त्रि प्रत्यय आणि त्यापुढे म, अर्थ एवढाच की करण्यातून झालेलं, त्यात खोटेपणाचा वासही नाही. आणि मनुस्मृतीत बारा प्रकारचे पुत्र सांगितलेत त्यात औरस, क्षेत्रज (नियोगातून झालेला), दत्त यांच्यानंतर लगेच येतो तो 'कृत्रिम', म्हणजे आपल्या बरोबरीचा, गुणदोष समजणारा मुलगा बघून ज्याला आपला पुत्र केला तो, आणि त्याला वारसाहक्कसुद्धा आहे! माझ्या मते कौसरचं एफ-५ शी नातं नेमकं हेच. इराणच्या राजाच्या, म्हणजे शहाच्या काळात घेतलेली एफ-५, १९७९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेकडून सुटे भाग बंद, मग ती उडती ठेवायला भाग स्वतःच करणं आलं, त्यातून आझरख्श हे विमान, मग २००६ च्या सरावात दाखवलेलं सायेका, ज्याच्या शेपटीला एकाऐवजी दोन उभे पंख आहेत, आणि २०१८ मध्ये कौसर. औरस नाही, पण घरचंच.

काही कोशवाले म्हणतात सरळ 'नक्कल' म्हणा. साफ चूक. नक्कल कागदाची होते. विमानाचा भाग सुटा करून माप घेता येतं, पण टर्बाइनचं पातं ओतलं कसं, तापवून-निववून ते कसं घडवलं हे पातं बघून कळत नाही, ते नव्याने शोधावं लागतं. चीनने रशियाच्या सुखोई-२७ वरून जे-११बी केलं, सांगाडा उभा राहिला पण स्वतःचं डब्ल्यूएस-१० इंजिन भरवशाचं व्हायला वर्षानुवर्षं गेली. याला नक्कल म्हणणाऱ्यांनी लोहाराच्या भट्टीसमोर एक दुपार काढावी.

आणि रिव्हर्स इंजिनिअरिंगला ते 'उलट अभियांत्रिकी' तर नकोच, त्यात उलट काय आहे, 'उलगडून घडवणं' म्हणा, शाळेतल्या पोरालाही समजेल.