मुरबाडचा प्लॉट, अर्धवेळ नोकरी आणि संगमेश्वरचं घर

भांडुपहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३६, थोरली मुलगी सात वर्षांची, धाकटा तीनचा. अंधेरीच्या एका कंपनीत नऊ वर्षं दोन महिने नोकरी. हातात ४१,००० येतात, यजमानांचे ६८,०००. त्या लिहितात: "पोळ्या बाईंच्या, शनिवार-रविवार बाहेरून मागवलेलं, धाकटा संध्याकाळी सातपर्यंत पाळणाघरात. माझ्या आजीकडे मे महिन्यात अंगणभर कुरडया, सांडगे वाळत असायचे. मुलांना तसं घर मिळावं असं फार वाटतं. साहेब अर्धवेळ काम द्यायला तयार आहेत, हातात २२,००० येतील. पण मला वाटतं सरळ नोकरीच सोडावी, सगळं घरी करावं, भाजणी-मेतकूट विकून महिना दहा हजार सुटतील. मुरबाडजवळ दोन गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट १४ लाखांना मिळतोय. चार लाख एफडी मोडून, दहा लाख कर्ज. रविवारी ५१,००० टोकन द्यायचं आहे. सासूबाई संगमेश्वरला एकट्या राहतात, ते घर जुनं आहे, पावसाळ्यात गळतं."

ताई, माझं मत आधी सांगते. प्लॉट घेऊ नका. अर्धवेळ काम घ्या. आणि घरी जे करायचं ते जरूर करा, फक्त त्यातून पैसे वाचतील असं धरून करू नका.

आमच्याकडे गेल्या मे महिन्यात चार किलो मालवणी मसाला केला. बेडगी आणि संकेश्वरी मिरच्या लालबागहून आणल्या, दोन दिवस गच्चीत उन्हात टाकल्या, बसून एकेकीचे देठ काढले. धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर वेगवेगळं भाजलं, मग कांडपाला रांगेत उभी राहिले. सगळा खर्च ३,४०० रुपये, म्हणजे किलोला ८५०. तसाच चांगला मसाला तयार घेतला असता तर हजाराच्या आसपास गेला असता. वाचले सहाशे रुपये, गेले जवळजवळ तीन दिवस. पण माझ्या भाचीने त्या दिवशी पहिल्यांदा दगडफूल हातात घेऊन पाहिलं, आणि वर्षभर आमटीला तोच वास आहे. हे मला हवं होतं म्हणून मी केलं. तुम्हालाही तेच हवंय, बरोबर ना? मग त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात हे मान्य करून त्याची सोय करू.

तुम्ही पाठवलेला हिशोब मी जुळवून पाहिला. आज घरात १,०९,००० येतात आणि एसआयपीचे, म्हणजे म्युच्युअल फंडातल्या दरमहा गुंतवणुकीचे, दहा हजार धरून १,०४,००० जातात. त्यात नोकरीमुळे होणारा खर्च मोठा आहे: पाळणाघर ८,०००, पोळीवाल्या बाई ५,५००, लोकल-मेट्रो आणि रिक्षा २,७००, बाहेरचं खाणं ५,५००. नोकरी सोडलीत तर पहिले तीन पूर्ण वाचतील, बाहेरच्या खाण्यातले साडेतीन हजार वाचतील. एकूण १९,७००. खर्च ८४,३०० वर येईल आणि घरात येतील ६८,०००. दरमहा १६,३०० ची तूट. शिवाय कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम (आरोग्य विमा) जाईल, तो वेगळा घ्यावा लागेल.

अर्धवेळात चित्र वेगळं दिसतं. येणारे ९०,०००. बाई बंद, पाळणाघर अर्धं, बाहेरचं खाणं कमी, म्हणून खर्च ९१,०००. एक हजाराची ओढ किरकोळ खर्चातून भागेल, एसआयपीला हात लागणार नाही. दुपारी तीनला तुम्ही घरी. खरं तर तुम्हाला हवी असलेली संध्याकाळ एवढ्यानेच मिळते.

नोकरी आत्ता पूर्ण न सोडण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते बऱ्याच जणींना राजीनामा दिल्यावर कळतं. तुम्ही रुजू झालात तेव्हा मूळ पगार १५,००० च्या आत होता, म्हणून पीएफबरोबर तुम्ही १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतही आहात. त्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. पूर्ण दहा वर्षं व्हायला तुम्हाला अजून दहा महिने आहेत. सूत्र आहे पेन्शनपात्र पगार गुणिले वर्षं भागिले ७०. पूर्ण १५,००० धरले तर दहा वर्षांचे महिन्याला २,१४३ होतात, वयाच्या ५८ पासून तहहयात. रक्कम लहान आहे, पण ती तुमच्या स्वतःच्या नावावरची आहे. अर्धवेळातही पीएफ कापला जात राहिला तर ही सेवा मोजली जाते.

मात्र ग्रॅच्युइटीकडे, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांकडे, लक्ष द्या. ती शेवटच्या मूळ पगारावर निघते, त्या पगाराचे १५/२६ गुणिले वर्षं. आज मूळ पगार २२,००० आहे, दहा वर्षांचे साधारण १,२७,००० होतात. अर्धवेळात तो ११,००० केला तर सगळ्या दहा वर्षांची ग्रॅच्युइटी निम्मी होईल. एचआरला सांगा की भत्ते कमी करा, मूळ पगार जितका वर ठेवता येईल तितका ठेवा. हातात थोडे कमी आले तरी चालेल. पीएफ आणि मेडिक्लेम चालू राहणार, हे पत्रात लिहून घ्या.

भाजणी आणि मेतकूट विकायचं मनात आहे ते चांगलंच आहे, पण पहिल्या वर्षी दहा हजार धरू नका, शून्य धरा. एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची) नोंदणी करा. गॅस, दळण, पिशव्या, पोचवण्याचा खर्च वहीत लिहा, आणि तुमच्या हाताची मजुरी लिहायला विसरू नका. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं पुढे लिज्जत झालं. तिथे लाटणाऱ्या प्रत्येकीला तिच्या लाटण्याचा मोबदला ठरलेला असतो. घरातली बाई करते म्हणून फुकट, असं तिथे कधी धरलं गेलं नाही. तुम्हीही धरू नका. मजुरी काढून उरलं तरच नफा म्हणा.

आता प्लॉट. दहा लाखांचं कर्ज दहा वर्षांसाठी १० टक्क्यांनी घेतलं तर हप्ता १३,२१५ रुपये. अर्धवेळाच्या बजेटात तो बसत नाही, म्हणजे प्लॉट घेतलात तर पूर्णवेळ नोकरी आणि सातपर्यंतचं पाळणाघर आणखी दहा वर्षं पक्कं. ज्या घरासाठी हे सगळं मनात आलं तेच घर लांब जाईल. वर एफडी मोडलीत तर अडीअडचणीला काहीच राहणार नाही. तुमचे साठवलेले एकूण ४ लाख २० हजार म्हणजे जेमतेम साडेचार महिन्यांचा खर्च आहे. दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. त्याला कुंपण, पाणी आणि राखण लागेल, पुढे बांधकाम आलं. शिवाय जाहिरातीतल्या एनए या शब्दावर विसंबू नका. बिगरशेतीचा आदेश खरोखर निघालाय की नुसता प्रस्तावित आहे? सातबारा तुमचा स्वतंत्र होणार की वीस जणांच्या सामाईक उताऱ्यावर नाव चढणार? रस्ता कोणाच्या जमिनीतून जातो? तुमच्या पत्रात यातल्या एकाचंही उत्तर नाही.

आणि ताई, तुमच्याकडे गाव आहे. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडकले. संगमेश्वरला सासूबाई आहेत, अंगण आहे, चूल असेल. मुरबाडच्या रिकाम्या जमिनीवर मुलांना सांडगे घालायला कोण शिकवणार? यजमानांचा दिवाळी बोनस या वर्षी त्या घरावर लावा. आधी कौलं चाळून फुटलेली बदला, वासे कुजले असतील तर तेही बघा, मग संडास-बाथरूम. हे काम मे महिन्यात नाही, दिवाळीनंतर लगेच काढा, म्हणजे उन्हाळ्यात मुलांना घेऊन महिनाभर राहता येईल. घर यजमान धरून तिन्ही भावांच्या नावावर असेल तर खर्च कोणी किती केला याचा साधा कागद करून दिरांच्या सह्या घ्या; आज प्रेमाने घेतलेली सही उद्या भांडण टाळते. सासूबाईंना दरमहा पाठवता ते पाच हजार मात्र कमी करू नका.

रविवारी मुरबाडला जाऊ नका. टोकन आधीच ऑनलाइन दिलं असेल तर पावती आणि त्यांनी दिलेला सातबारा मला पाठवा, परत कसं मागायचं ते बघू.