वाचकांचे प्रश्न : तंजावरचे व्यंकोजीराजे

प्रश्न : गेल्या दिवाळीत आम्ही कुटुंबासह तंजावरला गेलो होतो. बृहदीश्वराच्या देवळातील भोसले घराण्याचा मराठी शिलालेख पाहून ऊर भरून आला. परंतु त्या गादीचे मूळपुरुष व्यंकोजीराजे यांच्याविषयी आम्ही शाळेत एवढेच शिकलो होतो की, त्यांनी शिवाजी महाराजांना वडिलांच्या दौलतीचा वाटा नाकारला आणि रात्री गुपचूप निघून गेले. त्यांची योग्यता खरोखर एवढीच होती का? महाराजांनी वाटा मागितला तो नेमका कशाचा?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण पाहिलेला लेख दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरविला. त्यात भोसल्यांची वंशकथा सांगितलेली आहे, आणि ज्यांच्यामुळे ही कथा कावेरीकाठी पोहोचली त्या व्यंकोजीराजांना आपण मराठी माणसे केवळ महाराजांच्या दक्षिण दिग्विजयातील एक अडथळा म्हणून ओळखतो.

व्यंकोजी ऊर्फ एकोजी हे शहाजीराजे आणि तुकाबाई मोहिते यांचे पुत्र, म्हणजे महाराजांचे सावत्र धाकटे भाऊ. जिजाबाई आणि शिवाजीराजे पुण्याकडे आले. व्यंकोजी वडिलांजवळ कर्नाटकात वाढले. हा फरक लहान नाही. एका भावाने सह्याद्रीतील मावळे जमवून विजापूरशी वैर धरले, तर दुसऱ्याने वडिलांना आयुष्यभर विजापूरचे सरदार म्हणूनच पाहिले आणि स्वतःही तीच चाकरी पुढे चालविली. 1665 च्या अखेरीस मिर्झाराजे जयसिंगाच्या फौजेबरोबर महाराज विजापूरवर चालून गेले, तेव्हा समोरच्या आदिलशाही फौजेत व्यंकोजीराजे होते. महाराजांनाही त्या वेळी पुरंदरच्या तहामुळे मोगलांच्या बाजूने उभे राहावे लागले होते, ही गोष्ट धाकट्या भावाला दोष देताना सहसा कोणी आठवत नाही.

आता वाट्याविषयी. शहाजीराजे 23 जानेवारी 1664 रोजी होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून वारले. त्यांची बंगळूरकडील जहागीर, जडजवाहीर, हत्तीघोडे आणि फौजफाटा हे सारे व्यंकोजीराजांच्या ताब्यात राहिले. तंजावर मात्र या वारशात नव्हते. मदुरेच्या नायकाने 1673 मध्ये तंजावरच्या नायकांचे राज्य बुडविले, त्या घराण्यातील वारसाला गादीवर बसविण्यासाठी विजापूरने व्यंकोजीराजांना पाठविले, आणि 1675-76 च्या सुमारास त्यांनी तंजावर जिंकून पुढे स्वतःच तेथे राज्य करावयास प्रारंभ केला. या कृत्यात नीती किती होती हे वाचकांनी ठरवावे, पण आपल्या धर्मशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर ही मिळकत वडिलोपार्जित नसून स्वकष्टार्जित होती. वडिलांची फौज आणि वडिलांचा पैसा यांच्या बळावर मिळविलेले राज्य कितपत स्वकष्टार्जित म्हणावे, असा उलट प्रश्न कोणी केला तर तोही वाजवीच आहे, आणि माझ्या मते दोघा भावांच्या वादाची खरी गाठ येथेच होती.

1677 च्या जुलैमध्ये कोल्लिडम नदीच्या उत्तर काठी तिरुमळवाडी येथे भेट झाली. महाराजांचे म्हणणे असे होते की, वडील जाऊन तेरा वर्षे झाली, एवढा काळ सर्व दौलत तुम्ही एकट्याने उपभोगली, आता निम्मा वाटा द्यावा. काही दिवस बोलणी झाली आणि एका रात्री व्यंकोजीराजे नदी ओलांडून तंजावरला गेले. आपल्याला अटक होईल अशी भीती त्यांना वाटली असावी. सर्व सत्ता मोठ्या भावाच्या छावणीत असताना, वाटणीचे बोलणे हे बरोबरीच्या भावांचे बोलणे राहत नाही. महाराजांनी त्यांचा पाठलाग केला नाही. कोल्लिडमच्या उत्तरेकडील मुलूख मात्र ताब्यात घेतला.

त्यानंतरचे वर्तन मात्र व्यंकोजीराजांना शोभणारे नव्हते. महाराज परतताच त्यांनी फौज गोळा करून नोव्हेंबर 1677 मध्ये वालिकंडपुरमजवळ संताजी भोसले यांच्यावर हल्ला केला. हे संताजीही शहाजीराजांचेच पुत्र, आणि महाराजांनी त्यांना जिंजीकडे ठेवले होते. दिवसाची लढाई व्यंकोजीराजांनी जिंकली. पण विजयी फौज घोड्यांची खोगिरे उतरवून निश्चिंत असताना संताजींनी रात्री उलटा छापा घालून तिची दाणादाण उडविली. महाराजांनी यावर लिहिलेल्या पत्रात भावाची तुलना दुर्योधनाशी केली आहे. शाळेतल्या धड्यांचा सूर बहुधा या पत्रावरून ठरला असावा, आणि तो एका पक्षाचा सूर आहे.

त्यांच्या योग्यतेचे माप तंजावरातच मिळते. त्यांचे तिन्ही पुत्र, शहाजी, सरफोजी आणि तुकोजी, एकामागून एक गादीवर आले. रायगडावरचे छत्र महाराजांच्या मागे नऊच वर्षांत मोगलांच्या हाती पडले, आणि ही गादी मात्र 1855 पर्यंत टिकली. तिचे राज्य 1799 नंतर नावापुरतेच उरले होते, हेही सांगितले पाहिजे. थोरल्या पुत्राने, शहाजीने, मराठीत नाटके लिहिली. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीत 1843 मध्ये झाले, त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे. सरस्वती महाल ग्रंथालय आपण पाहिले नसेल, तर पुढच्या खेपेस एक दिवस त्यासाठी राखून ठेवा.

प्रश्न : महाराजांनी वहिनीला बंगळूर चोळीबांगडीसाठी दिले, असे ऐकले आहे. हे खरे आहे का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : दीपाबाई या महाराजांच्या धाकट्या भावजय, म्हणजे भावाच्या नात्याने सुनेच्या जागी. छाप्यानंतर आपल्या यजमानांची समजूत घालून त्यांना समेटास राजी करणाऱ्या त्याच, अशी परंपरा आहे. मध्यस्थी रघुनाथपंत हणमंते यांनी केली. ते पूर्वी व्यंकोजीराजांच्याच पदरी होते आणि त्यांच्याशी बिनसल्यावर महाराजांकडे गेले होते. बखरीत या तहाची एकोणीस कलमे येतात आणि त्यांत बंगळूर, होसकोटे व शिराळकोट हे महाल दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिल्याचा उल्लेख आहे. बखरीतील कलमे शब्दशः घेऊ नयेत, परंतु मुलूख सुनेच्या नावावर ठेवून भावाची प्रतिष्ठा राखण्याची ही युक्ती आपल्याकडच्या कोणत्याही वाटणीपत्रात शोभली असती.

तहानंतर व्यंकोजीराजांचे मन कशातच लागेना. ते जेवणखाण सोडून उदास बसू लागले. तेव्हा महाराजांनी त्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. वैराग्य म्हातारपणी करावे, आता उद्योग करून आम्हालाही त्याची मौज पाहू द्यावी, असा त्याचा आशय आहे. दुर्योधनाचे पत्र आणि हे पत्र यांच्यात दोन-अडीच वर्षांचेच अंतर आहे. ती दोन्ही एका बैठकीत वाचून पाहावीत.

बंगळूर मात्र दीपाबाईंच्या घराण्यात राहिले नाही. 1687 मध्ये ते मोगलांनी घेतले आणि त्यांच्याकडून म्हैसूरच्या चिक्क देवराजाकडे गेले.